चौथा रकाना

सोमवार, ता. ३

सिस्टर, तू वहीला चार रकाने आखून दिलेस, त्यातला चौथा इतका अरुंद ठेवलास की माझं अक्षर त्यात मावत नाही. तारीख, शुगर, काय खाल्लं, गोळी. खाण्याला हात भरून जागा आणि गोळीला कडेला चिमूटभर. पट्टी घेऊन बसली होतीस तर नीट मोजायचं होतंस. कारखान्याच्या कँटीनमध्ये मी तीस वर्षं वाढलं, पण एका ताटात जास्त आणि दुसऱ्यात कमी असं माझ्या हातून कधी झालं नाही.

असो. नमस्कार. बरी असशील.

तू म्हणालीस, आजी, रोज लिहा, काही सोडू नका. लिहीन. पण पुढून तुझं आणि मागून माझं. पुढच्या पानांवरचे आकडे तेवढे बघ. वही उलटी धरून मागून जे लिहिते ते तुला दाखवायला नाही. तरी हाक तुलाच मारते, कारण हवेशी बोलायची मला सवय नाही. शाळा चौथीपर्यंत. चुका काढत बसू नकोस.

आज उपाशी पोटी २१४. डॉक्टरांनी एका गोळीच्या दोन केल्या, सकाळ-संध्याकाळ. वर म्हणाले, भात कमी करा. कमी म्हणजे किती, ते नाही सांगितलं. ज्याने जन्मात कुणाला वाढलं नाही त्याला ते विचारून उपयोगही नसतो. घरी आले आणि माझा डाव काढला. कँटीन सोडताना मला भिंतीवरचं घड्याळ देत होते, मी म्हटलं घड्याळ नको, डाव द्या. दांडा वाकलाय, पण त्याचं माप माझ्या मनगटात बसलंय. रोज दोन डाव भात खायचे, आजपासून एक. भाजी दोन.

गुरुवार, ता. ६

नात घरीच असते. ती ज्या दुकानात कामाला होती ते बंद पडलं. तिचे आईबाप सकाळी जातात ते दिवेलागणीला उगवतात, तोवर घरात आम्ही दोघी आणि तिचा फोन.

आज तिने एक व्हिडिओ दाखवला. पांढरा कोट घातलेला माणूस, मागे पुस्तकांचं कपाट. म्हणतो दालचिनीचं पाणी प्या, शुगर पळून जाईल.

"हा डॉक्टर आहे का?"

"कोट बघ ना, आजी."

"आमच्याकडे बटाटे सोलणाराही पांढराच कोट घालायचा."

"तुला काही दाखवायची सोय नाही."

मग तिने हट्टाने आणखी दाखवले. एक बाई म्हणते फळ म्हणजे विष. दुसरा म्हणतो नुसती फळंच खा. तिसऱ्याने अंडी फोडायला घेतली ती थांबेचना. मी म्हटलं, या सगळ्यांना एका टेबलाशी जेवायला बसव, मी वाढते, बघू कोण काय मागून घेतो.

दालचिनी घरात होती. तुकडा भिजत घातला. पाण्याने काय वाकडं होणार.

शनिवार, ता. १५

१५१. दोनदा सुई टोचून बघितलं, १५१च. गोळी वेळेवर, भात एक डाव, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या आणि दालचिनीचं पाणी.

नातीला सांगितलं तर ती उठून उभीच राहिली. म्हणाली, "आजी, आपण तुझाच व्हिडिओ करू. तो कोटवाला खोटा असेल, तू तर खरी आहेस."

मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं, हेही लिहून ठेवते.

सोमवार, ता. १७

आज व्हिडिओ केला. नातीने ट्रंकेतून माझा कँटीनचा पांढरा एप्रन आणि टोपी काढायला लावली. एप्रनला इस्त्री केली. केस दोनदा विंचरले, टोपीखाली ते दिसत नाहीत हे नंतर लक्षात आलं.

स्वयंपाकघरातलं टेबल खिडकीखाली ओढलं, फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. मी डाव दाखवला, भात वाढून दाखवला, दालचिनीचं पाणी कसं करायचं ते सांगितलं. मग ती म्हणाली वही दाखव. "अशी धर. डावीकडे घे. कडेला अंगठा आहे ना, तो आणखी आत. आणखी. हां, आता हलू नकोस." २१४ पासून १३८ पर्यंत एकेक आकडा वाचला. बोलता बोलता अकरा वाजले म्हणून गोळीही तिथेच घेतली, फोनच्या तोंडासमोर. लोकांनी बघितली असेलच.

पाऊण तास बोलले. नात म्हणाली एवढं लागत नाही, दीड मिनिट पुरे. पाऊण तासाचं दीड मिनिट कसं होतं कोण जाणे. आटवत असतील.

गुरुवार, ता. २०

भाजीवालीने मला दालचिनी फुकट दिली. मी विकत मागितली नव्हती, दालचिनी ती विकतही नाही. तिच्या घरची होती. म्हणे, आजी, तुम्ही सांगितल्यापासून आम्ही सगळे पितो. तिच्या घरात शुगर कुणालाच नाही.

साठ हजार लोकांनी बघितलं म्हणतात. आमच्या कँटीनमध्ये एका पाळीला चारशे माणूस जेवायचं, तेवढ्यात माझा हात भरून यायचा. साठ हजार हा आकडा मला दिसतच नाही. नात प्रश्न वाचून दाखवते. आजी, दालचिनी सकाळी की रात्री. आजी, किती दिवस. कुणी लिहिलंय, आजी, तुमच्यासारखं प्रेमाने आमच्या डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही. मी प्रेमाने काय सांगितलं ते मला आठवेना, पण ऐकायला वाईट वाटलं नाही.

वर मथळा आहे, कँटीनवाल्या आजीने शुगर कशी पळवली. मी म्हटलं, पळवली कुठे, अजून १३४ आहे. "आजी, असंच लिहितात." व्हिडिओ मी चष्मा न लावताच बघितला. अर्ध्यातच फोन परत दिला. स्वतःचं तोंड दीड मिनिट कोण बघेल. गाणं मात्र लावलंय खालून, लग्न असल्यासारखं.

सोमवार, ता. २४

भांडीवालीचा फोन आला.

सिस्टर, तू तिला ओळखत नाहीस. मी पुढे वाढायची आणि ती माझ्या पाठीमागच्या मोरीत भांडी घासायची. तीस वर्षं. मी तिला भांडीवाली म्हणते, ती मला डाववाली. खरी नावं पगाराच्या कागदावर. आता गावाच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे राहते. तिला शुगर माझ्याआधीपासून आहे. गोळ्या आहेत, इन्सुलिनचं इंजेक्शनही आहे.

"टोपी वाकडी घातली होतीस," म्हणाली.

"इतक्या दिवसांनी फोन केलास तो हे सांगायला?"

"तीस वर्षं तुझी पाठच बघितली, मेले. तोंड आता दिसलं."

मग विचारलं, दालचिनी किती घालतेस. सांगितलं, बोटाच्या पेराएवढी.

"आणि बाकी?"

"बाकी काय? तू बघितलंस ना सगळं."

"बघितलं."

बरं वाटलं. आमच्यात कधी चार शब्द सरळ होत नाहीत, आज पाच-सहा झाले.

बुधवार, ता. २, महिना पालटला

तू आज वही बघून खूश झालीस, सिस्टर. १२६. म्हणालीस, "गोळी लागू पडली, आजी. चुकवत नाही ना?" मी म्हटलं, "आणि दालचिनी?" तू म्हणालीस, "प्या हवी तर, फार नको. काम गोळीचं आहे, आणि तुमच्या कमी भाताचं."

राग आला मला. तुला दाखवला नाही. सगळं गोळीनेच केलं तर मी काय नुसती बघत बसले होते? गोळी डॉक्टरची, दालचिनी माझी. माझ्या वाट्याला काहीतरी राहू दे.

व्हिडिओचं तुला बोलले नाही. का बोलले नाही ते तेव्हा कळलं नाही. चप्पल घालताना वाटलं होतं सांगावं. मग नंबर पुढचा लागला.

मंगळवार, ता. ८

भांडीवालीचा पुन्हा फोन. आवाज बसलाय. म्हणते, दालचिनीचं पाणी तांब्यावर तांब्या पिते पण तहानच भागत नाही. मी म्हटलं ऊन वाढलंय. चप्पल लागून पायाच्या बोटाला फोड आलाय म्हणाली, सुकत नाही. म्हटलं, पाय कोरडा ठेव. मोरीत तीस वर्षं पाय भिजवून हिला अजून कोरडं राहणं जमत नाही.

१२४.

गुरुवार, ता. १०

भांडीवालीच्या मुलाचा फोन आला होता. तिला हॉस्पिटलात नेलंय. शुगर ४८०च्या वर. शुद्ध धड नव्हती. इंजेक्शन बंद केलं होतं म्हणाला. पायाची दोन बोटं काळी पडलीत, पाय वाचतो की नाही ते दोन दिवसांत सांगतील.

जेवण गेलं नाही. पुढच्या पानावर लिहिलंय, भात अर्धा डाव.

शुक्रवार, ता. ११

भेटायची वेळ चार ते सहा. मी साडेतीनलाच जाऊन बाकावर बसले.

लोखंडी खाट, पाय उशीवर, हातात सुई. मला बघून म्हणाली, "आली बघा टोपीवाली."

"टोपी घरी आहे. इंजेक्शन कधी बंद केलंस?"

"तू केलंस तेव्हा."

"मी कधी बंद केलं? मला इंजेक्शन नाहीच. गोळ्या आहेत, दोन, त्याही चालू आहेत."

ती म्हणाली, "व्हिडिओत कुठे आहे गोळी?"

"घेतली की मी. सगळ्यांच्या समोर."

"मी तेरा वेळा बघितलाय, डाववाली. गोळी नाही त्यात. मुलगा म्हणत होता, आई, डॉक्टरांना विचार. मी म्हटलं, त्यांना काय विचारायचं. तीस वर्षं तिच्या डावाने जेवले, माझं पोट कधी बिघडलं नाही."

तिने पाणी मागितलं. दोन घोट दिले, तेवढेच द्यायला सांगितले होते.

"शिव्या दे," मी म्हटलं.

"देईन की. आधी तहान भागू दे."

शनिवार, ता. १२

चष्मा लावला आणि व्हिडिओ बघितला. मग पुन्हा. नातीने फोन मागितला, दिला नाही.

गोळी नाही. फेऱ्या नाहीत. "डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली" हे मी बोलले होते, ते नाही. डाव दिसतो, पण तो केवढा आहे हे सांगितलेलं नाही. वही आहे. तारीख दिसते, शुगर दिसते, काय खाल्लं तेही दिसतं. चौथ्या रकान्यावर माझा अंगठा आहे. वरपासून खालपर्यंत, अगदी नीट बसलाय. जन्मात कधी कागदावर अंगठा उठवायची पाळी आली नाही, सही येते मला. उठवला तो असा.

नातीला समोर बसवलं.

"गोळी का काढलीस?"

"आजी, गोळी सगळेच घेतात. त्यात बघण्यासारखं काय आहे? लोक पुढे सरकवतात."

"आणि अंगठा?"

ती म्हणाली, "तो रकाना दिसला की दालचिनी कोण बघेल? पहिल्यांदाच माझं काहीतरी चाललं होतं, आजी." आणि रडायला लागली. रडू दिलं. रडणाऱ्याला मी कधी थांबवत नाही, दमलं की आपोआप थांबतं.

पण सिस्टर, तिला बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. तिने अंगठा आत घ्यायला सांगितला तेव्हा मी विचारलं नाही का म्हणून. तिने व्हिडिओ दाखवला तेव्हा मी चष्मा लावला नाही. चष्मा माझ्या गळ्यातच असतो, दोरीला.

सोमवार, ता. १४

दोन बोटं कापली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस घरी काढले असते तर घोटा गेला असता.

भांडीवाली म्हणाली, "दोन कमी. नखं कापायचा त्रास वाचला." मग तोंड भिंतीकडे केलं. मी तासभर तिच्या पाठीकडे बघत बसले. तिने माझी पाठ तीस वर्षं बघितली, त्याच्यापुढे एक तास काय.

मंगळवार, ता. १५

आज तुझ्याकडे आले आणि वही उलटी करून तुझ्या हातात दिली. तू मागची सगळी पानं उभ्याने वाचलीस. बाहेर माणसं खोळंबली होती. वाटलं, आता झाडतेस मला. तू एवढंच म्हणालीस, "आजी, व्हिडिओ आजच्या आज पुसा."

"पुसला तर ज्यांनी आधीच ऐकलंय ती माणसं मी कुठे शोधू? ती तिथेच सापडतात, खाली, प्रश्न विचारताना."

तू म्हणालीस, "आधी नावं उतरवून घ्या. मग पुसा. आणि आजी, कुणाला काय खा ते सांगू नका. माणसागणिक औषध वेगळं, जेवण वेगळं."

घरी येऊन नातीने वाचलं आणि मी लिहिलं. गोळी बंद केली म्हणणारे, बंद करू का विचारणारे, आईची बंद केली म्हणणारे. त्रेसष्ट नावं. पाच पानं गेली. नुसतीच वा वा करणारे हजारोंनी होते, ते सोडले. त्यांचंही काय झालं असेल, देव जाणे. सहा वाजता नातीने माझ्यासमोर व्हिडिओ पुसला. तेव्हा दोन लाखांच्या वर माणसांनी बघितला होता.

बुधवार, ता. १६

नवा व्हिडिओ केला. एप्रन नाही, टोपी नाही, गाणं नाही. वही खालून धरली, दोन्ही अंगठे मागे. म्हटलं, मी कँटीनमध्ये वाढणारी बाई आहे, डॉक्टर नाही. आधीच्या व्हिडिओत माझी गोळी झाकली होती, माझ्याच हाताने. माझी शुगर गोळीने आणि कमी जेवल्याने उतरली. माझं बघून एका बाईने इंजेक्शन बंद केलं, तिची दोन बोटं गेली. कुणी बंद केलं असेल तर आज डॉक्टरकडे जा. नातीने काही कापलं नाही, मी शेजारी बसून होते.

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस जणांनी बघितला. त्यातले दोनतीन आम्हीच.

पण त्या त्रेसष्ट जणांना नातीने एकेक करून कळवलं. जेवायलाही उठली नाही. कुणी रागावलंय, कुणी म्हणालं तुम्हाला औषधवाल्यांनी विकत घेतलं. सतरा जणांचं उत्तर आलं, गोळी पुन्हा चालू करतो, आधी डॉक्टरला दाखवतो. बाकी गप्प.

एका बाईने लिहिलंय. तिच्या आईने साडेतीन आठवड्यांपासून औषध सोडलंय. नवा व्हिडिओ दाखवला तर आई म्हणते, आजीला कुणीतरी दमात घेतलं, पहिलंच खरं. लेकीचं ऐकत नाही, डॉक्टरकडे जात नाही, पायाला मुंग्या येतात म्हणते. आजी, तुम्ही स्वतः बोललात तरच ऐकेल. उद्या सकाळी अकरा वाजता फोन लावून आईच्या हातात देते.

माझ्याच वयाची असेल. माझ्यासारखीच हेकट दिसते.

गुरुवार, ता. १७

११९. गोळी घेतली. पट्टी घेऊन रकाने नव्याने आखले, सिस्टर. गोळी आता पहिली, आणि चांगली चार बोटं रुंद.

सकाळी हॉस्पिटलात फोन केला होता. भांडीवालीला सांगितलं, अकरा वाजता कुणाशी तरी बोलायचंय, काय बोलू ते सुचत नाही. म्हणाली, "माझ्या बोटांचं सांग. तिने नाहीच ऐकलं तर मला फोन जोडून दे, मी शिव्या देते. तुझ्या वाट्याच्या शिल्लक आहेत."

ते सांगेन. गोळी झाकली होती हे सांगेन, कुणी झाकली तेही. दमात घेतलं का विचारलं तर हो म्हणेन, भांडीवालीने घेतलं. भात किती खाऊ असं विचारलं तर मात्र सांगणार नाही, तिच्या घरातला डाव केवढा ते मला माहीत नाही. आज कुणाबरोबर डॉक्टरकडे जातेस ते तिच्याच तोंडून वदवून घेईन. तोवर फोन ठेवायची नाही.

हे पान फाडून टेबलावर फोनशेजारी ठेवते आहे, घरातल्या सगळ्यांनी वाचावं. अकराचा फोन नातीने उचलायचा नाही, "आजी बिझी आहे" म्हणून तर मुळीच नाही. आज सुनेला आणि मुलाला सुट्टी आहे, त्यांनीही उचलायचा नाही. मी मोरीत असले तर दार वाजवा, पडले असले तर उठवा, आणि तोवर त्या बाईला थांबवून धरा. तिने माझं ऐकून गोळी सोडली. तिला उत्तर मीच देणार.